सिंहहास्य आणि माझं अपेंडिक्स

आमच्या ह्यांना हसायला कारण लागत नाही. लग्न झाल्यापासून मी हे बघत आले आहे, पण नोकरीत होते तोवर निदान शाळेच्या मैदानावर तरी तोंड बंद ठेवावं लागायचं. ड्रिलमास्तर होते ते. तोंडात शिट्टी असली की हसता येत नाही. मग निवृत्त झाले, शिट्टी खिळ्याला अडकवली आणि लगेच बागेत हास्यमंडळ काढलं.

हास्यमंडळ म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. रोज सकाळी कारंज्याभोवती वीसेक पिकली माणसं गोल करून उभी राहतात. कोणी विनोद सांगत नाही. मास्तर नुसतं म्हणतात, "कुकरहास्य," की सगळ्यांनी गाल फुगवायचे आणि शिट्टी झाल्यासारखं फुटायचं. "भांडणहास्य" म्हटलं की एकमेकांपुढे बोट नाचवत हसायचं. "मूकहास्य" म्हणजे आवाज न काढता खांदे उडवायचे. आणि शेवटी मंडळाची शान, सिंहहास्य. डोळे वटारायचे, पंजे वर करायचे, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची आणि समोरच्याच्या तोंडावर पोटातून हसायचं. समोरच्याने मागे सरकायचं नाही. सरकला तो कच्चा.

मी कधी गेले नाही. आमच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. कपडे सैल करून देणं, घट्ट करून देणं, चेन बदलणं, तुरपाई. सकाळपासून लोकांच्या कमरा माझी वाट बघत असतात. ह्यांचं म्हणणं, मी हसत नाही म्हणून माझ्या कपाळाला आठ्या आहेत. माझं म्हणणं, आठ्या लग्नानंतरच्या आहेत.

तर त्या वर्षी तापाची साथ आली. आधी लांबच्या शहरांत होती, मग जवळच्या शहरात, मग आमच्याच रस्त्यावरच्या पेपरवाल्याकडे. आरोग्य खात्याची गाडी भोंगा लावून फिरायला लागली. लस घ्या, मास्क लावा, गर्दी करू नका. गरोदर बायकांनी आणि साठीच्या पुढच्यांनी आधी या. लस ग्रंथालयाच्या हॉलमध्ये होती आणि सकाळी होती, म्हणजे नेमकी हसायच्या वेळेला.

मंडळाची तातडीची सभा आमच्याच घरी भरली, माझ्या कापडाच्या गठ्ठ्यांवर. कुलूपवाले म्हणजे ह्यांचा उजवा हात. बाजारात त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. ते एका बाईच्या नव्याकोऱ्या कोटावर बसून म्हणाले, "मास्तर, मंडळ सुरू झाल्यापासून एक खाडा नाही. पावसात हसलो, थंडीत हसलो. आता एका सुईपायी खाडा करायचा?"

"खाडा होणार नाही," ह्यांनी जाहीर केलं. "हसणाऱ्याच्या अंगात रोग शिरतच नाही."

"तोंड एवढं उघडं ठेवल्यावर न शिरायला त्याला काय झालंय," मी मशीनवरून म्हणाले.

मंडळात एक दातवाले डॉक्टर आहेत. त्यांनी चष्मा पुसला. "वहिनींचं बरोबर आहे, वैद्यकीय दृष्ट्या," ते म्हणाले. मग मतदान झालं, लस की हसणं, आणि हसण्याच्या बाजूने सगळ्यांचे हात वर गेले. डॉक्टरांचाही गेला. एकट्याने हात खाली ठेवायची त्यांना लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

दुसऱ्या दिवशी हे माझ्याकडे मंडळाच्या मास्कचं काम घेऊन आले. मास्क साधे नको होते, तोंडाशी चेन असलेले हवे होते.

"हसताना उघडायची, हसून झालं की लावायची," हे म्हणाले. "दोन्ही साधतं."

मी कात्री खाली ठेवली. "छत्री शिवायला आणलीत तर तिला पाऊस आत यायला भोक ठेवू का?"

मी नाही म्हटल्यावर त्यांनी दुकानातून साधे मास्क आणले आणि तोंडाशी आपले आपण गोल कापून घेतले. माझ्याच कात्रीने. त्या कात्रीने मी कुणाला कागदसुद्धा कापू देत नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं, मी मशीनकडे वळले.

लस घ्यायला मी एकटीच गेले. ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांना टेकून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे पोट घेऊन बसलेल्या बायकांची रांग, तिच्यामागे आम्ही पांढऱ्या केसांच्या. सुई द्यायला मोठ्या रुग्णालयाची हेड सिस्टर होती. कधी टोचलं ते मला कळलं नाही.

"हात हलका आहे तुमचा," मी म्हटलं. "नोकरी सोडलीत तर माझ्याकडे काजं करायला या."

तिने माझं आडनाव वाचलं आणि वर बघितलं. "तुम्ही मास्तरांच्या घरच्या का? मी त्यांच्या शाळेत होते. उशीर झाला की मला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. ते नाही आले, काकू?"

"ते हसताहेत," मी म्हटलं. बागेतला आवाज ग्रंथालयापर्यंत येत होता.

दंड दोन दिवस ठणकला. हे म्हणाले, "बघ, आजारी नव्हतीस, ती फुकटात झालीस." आणि स्वतःच्याच बोलण्यावर कुकरहास्य केलं.

साथ वाढली तसं मंडळाने सिंहहास्य दुप्पट केलं. रोगाला धाक बसावा म्हणून. त्यातच एका सकाळी ह्यांचा जबडा निखळला. घरी आले ते आ वासून, जीभ बाहेर, डोळे वटारलेले. मला वाटलं नेहमीचंच आहे, मी चहा गाळला. चहा निवला तरी तोंड मिटेना, तेव्हा मी दातवाल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दोन्ही अंगठे आत घालून जबडा जागेवर बसवला, हनुवटीखालून पट्टी घेतली आणि डोक्यावर गाठ मारली. सशाच्या कानासारखी दोन टोकं वर राहिली. पट्टी निघेपर्यंत हसायचं नाही, बाहेर तर पडायचंच नाही, असं बजावलं. घरात इतकी शांतता मी संसारात पहिल्यांदा ऐकली.

आणि त्याच आठवड्यात कुलूपवाल्यांना ताप भरला.

आता मंडळाचा नियम सांगायला हवा. सभासद आजारी पडला की सगळ्यांनी त्याच्या घरी जायचं, खाटेभोवती गोल करायचा आणि हसायचं. याला ते भेटहास्य म्हणतात. एरवी कुणाची कंबर लचकायची, कुणाची दाढ काढलेली असायची, त्याला ते चालून जायचं. माणूस वैतागून लवकर बरा व्हायचा. पण कुलूपवाल्यांची झोपायची खोली केवढी? दोन माणसं आत गेली तर एकाला कपाटात उभं राहावं लागेल. त्या खोलीत अख्खं मंडळ शिरलं. रोग्याला वारा लागू नये म्हणून खिडक्या लावल्या. मास्कची भोकं तोंडासमोर नीट बसवून घेतली. मग कुकरहास्य, भांडणहास्य आणि रोग्याच्या खास आग्रहावरून सिंहहास्य. कुलूपवाले खाटेवरून खोकून खोकून त्यांना उत्तर देत होते.

हे घरी पट्टी बांधून, खिडकीत बसून हळहळत होते. मंडळाच्या इतिहासात त्यांचा पहिला खाडा.

पुढचं सांगायला नको, तरी सांगते. दातवाल्या डॉक्टरांना ताप आला. नियमाप्रमाणे उरलेले त्यांच्याकडे हसायला गेले. मग आणखी दोघांना आला, मग चौघांना. शेवटी शेवटी आजारी माणसंच आजारी माणसांकडे हसायला जात होती, आणि शेवटच्या सभासदाकडे जायला कोणी उरलंच नाही. वयं झालेली, त्यात छातीत कफ. एकेकाला रुग्णालयात न्यावं लागलं. कुणाला ऑक्सिजन लावला, कुणाला सलाईन. मरणाच्या दारात कोणी गेलं नाही, पण दोघातिघांनी दार लांबून बघितलं.

ह्यांना मात्र काही झालं नाही. पट्टी सुटल्या सुटल्या म्हणाले, "बघितलंस? हसण्याची ताकद."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, तर कावळा स्वतःला पैलवान समजायला लागला. मी म्हटलं, "आता तरी लस घेऊन या."

"आता मला रोग द्यायला उरलंय कोण?" हे म्हणाले.

मग एका दुपारी माझं पोट दुखायला लागलं. त्याच कोटाचं काम चाललं होतं, कुलूपवाले ज्यावर बसले होते त्याचं. एक बाही जोडून झाली होती, दुसरी टाचण्यांवर होती. आधी बेंबीपाशी दुखलं. मी गरम पाणी प्याले. मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि तिथे ठाण मांडून बसलं. मशीनचं पायडल दाबलं की कळ थेट डोळ्यांत यायची.

"गॅस असेल," हे म्हणाले. "कुकरहास्य करून बघ, मोकळं होतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. कसं बघितलं मला माहीत नाही, पण ह्यांनी मुकाट्याने फोन उचलला.

ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, गाड्या खूप आहेत, पण सगळ्या रुग्णालयाच्या दारात उभ्या आहेत. आत खाट नाही म्हणून पेशंट उतरवता येत नाही, आणि पेशंट उतरत नाही म्हणून गाडी निघत नाही. हे ऐकत राहिले. मग दोनदा म्हणाले, "पण हिचं पोट दुखतंय."

शेवटी कुलूपवाल्यांची बायको त्यांची व्हॅन घेऊन आली. तिला आधीच ताप येऊन गेला होता, ती बरी होऊन नवऱ्याच्या वाटची शिव्यांची शिदोरी घेऊन फिरत होती. व्हॅनवर लिहिलेलं: 'कोणतंही दार उघडून मिळेल.' मागे किल्ल्यांचे झुबके टांगलेले. प्रत्येक खड्ड्याला ते सगळे एकदम वाजायचे आणि मी ओरडायचे.

"माफ करा हं वहिनी," ती प्रत्येक वेळी म्हणायची आणि पुढच्या खड्ड्यात घालायची.

रुग्णालयाचं दार मात्र त्या व्हॅनलाही उघडेना. आवारात तंबू ठोकलेले, रांगेत गाड्या, गाड्यांत माणसं. ज्याचं हाड मोडलंय तो पायरीवर बसलेला. ज्याला विंचू चावलाय तो उभा, कारण त्याला बसवत नव्हतं. मला चाकांची एक खुर्ची मिळाली आणि भिंतीशी लावून ठेवलं. सर्जनबाई आली. वयाने माझ्या धाकट्या भाचीएवढी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने पोट दाबलं आणि हात झटकन उचलला, तेव्हा मी तिच्या सात पिढ्या काढल्या. ती शांतपणे म्हणाली, "अपेंडिक्स आहे. आजच काढायला हवं. आत फुटलं तर जिवावर बेतेल."

"मग काढा," हे म्हणाले.

"काढीन. पण काढल्यावर काकूंना ठेवू कुठे? ऑपरेशननंतर खाट लागते, पुढे काही दिवस लक्ष ठेवायला माणूस लागतं. आमचा ऑपरेशनवाल्यांचा वॉर्ड आम्ही तापाला दिला. आता तिथे…" तिने समोरच्या काचेकडे बघितलं.

आम्हीही बघितलं. काचेपलीकडे दोन्ही भिंतींना खाटांची रांग होती आणि खाटांवर हास्यमंडळ होतं. पहिल्या खाटेवर कुलूपवाले, त्यांच्या शेजारी दातवाले डॉक्टर, पुढे सगळे ओळीने, बागेत उभे राहतात त्याच क्रमाने. मास्तर दिसल्याबरोबर सवयीने सगळ्यांचे हात वर गेले. सलाईनच्या नळ्या ताणल्या. "हो हो, हा हा हा," असं त्यांनी ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हटलं आणि मग सगळा वॉर्ड खोकायला लागला.

ह्यांचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला.

तेवढ्यात हेड सिस्टर आली. मला ओळखलं, ह्यांना ओळखलं. तिने दुसऱ्या दोन रुग्णालयांना फोन केले. एकीकडे हीच गत. दुसरं लांबच्या शहरात, ते म्हणाले आणा, पण सर्जनबाईने मान हलवली. तिथवर पोचेपर्यंत हे पोट थांबणार नाही, म्हणाली.

हे काचेपाशी गेले. बोटांनी, हातांनी, खुणांनी आतल्यांना सगळं सांगितलं. शाळेत सगळ्या मैदानाला न बोलता कवायत शिकवलेला माणूस, आतल्यांना बरोबर कळलं. मग मंडळाने मतदान घेतलं. आपली खाट वहिनींना द्यायला कोण तयार आहे? सगळ्यांचे हात वर. कुलूपवाले तर उठलेच. सलाईनचा खांब ढकलत, मागून उघडा असलेला रुग्णालयाचा झगा सावरत दारापर्यंत आले.

"वहिनी, माझी खाट घ्या. मी खाली सतरंजीवर पडतो."

"मागे फिरा," सिस्टर म्हणाली. "ही तापाची खाट आहे. पोट उघडलेल्या बाईला मी या हवेत झोपवू? आणि तुम्ही सतरंजीवर पडलात तरी तुमचा ऑक्सिजन लागणारच, तुमच्यामागे फिरणारी माझी सिस्टर लागणारच. खाट म्हणजे नुसतं लोखंड नाही, काका."

कुलूपवाले झग्याची मागची बाजू धरून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे एखाद्या दाराची किल्ली नव्हती.

मला भीती वाटली. सरळ सांगते. मी लस घेतली, भोक नसलेला मास्क लावला, गर्दीत गेले नाही, आणि भिंतीशी खुर्चीत मी बसले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. राग इतका आला की त्यात काही वेळ दुखणंही विसरले. मग कळ आली आणि राग गेला, नुसती भीती उरली. डोळ्यांपुढे ती टाचण्यांवरची बाही आली. ती बाई एका बाहीचा कोट घेऊन कुठे जाणार? आणि ह्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. शर्टाचं बटण तुटलं तर उघड्या छातीने फिरतील आणि त्यावरही हसतील.

हे माझ्यापुढे येऊन उकिडवे बसले. बोलायला गेले आणि रडायला लागले.

हसण्याचे ह्यांच्याकडे पुष्कळ प्रकार. रडण्याचा एकही नाही. काही सरावच नव्हता. मध्येच उचकी, मध्येच शिंक, नाक कुठे पुसावं कळेना. "मी यांना बोलावलं गं तिकडे हसायला," म्हणाले. "म्हणजे मी नव्हतो, पण नियम माझाच. तुझी खाट मीच भरली."

मला त्यांना चांगलं सुनवायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "नाक पुसा," मी म्हटलं. "आणि लांब बसा जरा, कळ येते."

"सर, रडताना मास्क खाली घेऊ नका," सिस्टर वरून म्हणाली. मग ती सर्जनबाईकडे वळली. "बाळंतिणींच्या वॉर्डात दोन खाटा आहेत."

"तिथे बाहेरचं कुणी नको," सर्जनबाई म्हणाली. "तेवढा एकच वॉर्ड आपण जपलाय."

"जपलाय तो त्या बायकांनीच. पहिल्या रांगेत येऊन लस घेतली सगळ्यांनी, म्हणून तिथे ताप नाही. ज्याने लस घेतलीय आणि ज्याला ताप नाही त्याला तिथे घेता येतं, हा नियम तुम्हीच केलाय. काकूंना मी स्वतः टोचलंय. तपासून घेऊ आणि नेऊ."

माझ्या नाकात काडी घातली, तपासलं, मी साफ निघाले. खुर्ची हलली. हे लगेच उठून मागे यायला लागले. सिस्टरने हात आडवा केला.

"सर, तुम्ही लस घेतलीय?"

ह्यांनी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"मग तुम्ही बाहेर. मैदानावर."

पोट उघडलं तेव्हा आत फुटायला सुरुवात झाली होती. म्हणून छोट्या छेदावर भागलं नाही. सर्जनबाई नंतर म्हणाली, आणखी थोडा वेळ त्या भिंतीशी गेला असता तर तिने मला काही सांगितलंच नसतं, ह्यांना सांगितलं असतं. शुद्धीवर आल्यावर मी पट्टी बदलताना टाके बघितले. एकसारखे होते. शेवटचा जरा ओढून घातलेला, पण दिवसभर उभं राहिलेल्या हाताचा टाका तसा येतोच.

बाळंतिणींच्या वॉर्डात माझं बरं चाललं. दोन्हीकडे पाळणे. पलीकडच्या मुलीची आजेसासू नातसुनेला बघायला आली. लस घेतलेली असल्याने तिला आत सोडलं होतं. तिने माझे पांढरे केस बघितले, पोटावरची पट्टी बघितली, माझ्या खाटेजवळचा रिकामा पाळणा बघितला आणि हात जोडून म्हणाली, "देवाची करणी." मी तिला शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही.

एकच पथ्य होतं. हसायचं नाही. हसलं की टाक्यांवर ताण येतो. सिस्टरने ह्यांना तसं खिडकीतून सांगितलं, कारण हे खरोखरच मैदानावर होते. माझ्या खिडकीखाली गवतावर दिवसभर बसून असायचे. एकदाही हसले नाहीत. फाटकापाशी लसीचा तंबू होता. दुसऱ्या सकाळी मी बघितलं, तर हे रांगेत, बाही दंडापर्यंत वर. ह्यांना सुईची भीती वाटते हे मला तेव्हा कळलं. सुई जवळ आली तसे डोळे वटारले, पंजे वर झाले, जीभ बाहेर आली. सिंहहास्य, फक्त हास्य नव्हतं. टोचणारी मुलगी मागे सरकली.

मग दंडावर कापूस धरून तडक आमच्या वॉर्डाच्या दाराशी.

"आज पेरलं म्हणून आज उगवत नाही, सर," सिस्टर म्हणाली. वरातीमागून आलेलं ते घोडं परत गवतावर जाऊन बसलं.

मी घरी आले. मंडळही एकेक करून घरी आलं, आणि डॉक्टरने सांगितलं त्या दिवशी ओळीने जाऊन सगळ्यांनी लस टोचून घेतली. दातवाल्या डॉक्टरांनी हात सगळ्यांच्या आधी पुढे केला. साथ उतरायला लागली होती, पण उतरली नव्हती. आवारातले तंबू तसेच होते.

आणि एका सकाळी मंडळ माझ्याकडे आलं. नियम तो नियम, सभासदाच्या घरचं आजारी. पण या वेळी घरात कोणी शिरलं नाही. हे माझी टेप घेऊन अंगणात अंतर मोजून खडूने फुल्या मारत होते. प्रत्येक फुलीवर एकेक जण उभा राहिला. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, एकालाही भोक नाही. कुलूपवाल्यांच्या बायकोने तो कोटही शिवून आणला होता. दुसरी बाही तिने लावली होती, उलटी.

मी खिडकीशी खुर्चीत होते. ह्यांनी हात वर केला आणि हळू आवाजात म्हणाले, "मूकहास्य."

मला त्रास होऊ नये म्हणून बिचाऱ्यांनी आवाज काढला नाही. वीस म्हातारी माणसं, डोळे मिटून, नुसते खांदे उडवताहेत. मास्क फुगताहेत, बसताहेत. कुलूपवाल्यांच्या खिशातल्या किल्ल्या तेवढ्या वाजताहेत. माझ्या पोटात काहीतरी हललं. मी ओठ चावला. उलट्या बाहीकडे बघितलं, तर आणखीच वाईट झालं.

"थांबवा त्यांना," मी ह्यांना म्हटलं. "मला हसू येतंय. टाका तुटेल."

हे खिडकीपाशी आले. सगळ्यांत हेच एकटे हसत नव्हते. टेप गळ्यात, हातांना खडू. खालच्या आवाजात म्हणाले, "हस तू. मी सकाळी रुग्णालयात जाऊन विचारून आलोय. आज एक खाट रिकामी आहे."

मी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि हसले. दुखलं. हे फाटकाकडे तोंड करून, व्हॅनची किल्ली हातात घेऊन, माझं हसू संपेपर्यंत उभे होते.